सोप्या बॉलला अहो म्हणायचं

आप्पा, वर्तमानपत्रात द्यायला चार ओळी लिही म्हणून सगळे माझ्या मागे लागले होते. मी क्लासमध्ये शिकवते, म्हणजे मला लिहिता येतं, असा या घराचा जुना गैरसमज. दिल्या लिहून: धर्मपरायण, मनमिळाऊ, भांड्यांचे जुने व्यापारी, लिंगैक्य झाले. 'मनमिळाऊ' वाचून तुम्ही पोट धरून हसला असता. ज्या सासऱ्यानं सुनेला लग्न झाल्यापासून स्नूकरचा एकही डाव जिंकू दिला नाही, तो मनमिळाऊ? पण तसं छापता येत नाही. म्हणून हे वेगळं लिहितेय, तुमच्याशीच बोलायला.

तुम्ही मला बघायला नांदेडला आलात तो दिवस आठवतो. पोहे झाले, नाव-गाव झालं, मी फिजिक्समध्ये कशी पहिली आले ते बाबांनी दोनदा सांगून झालं. महेश मान खाली घालून चमच्याशी खेळत होता. आणि तुम्ही एकदम विचारलंत, "पोरी, परीक्षेत तुझं सोपं गणित चुकतंय का अवघड?" बाबांचा चेहरा पडला. मी खरं ते सांगितलं, "सोपं. अवघड सहसा चुकत नाही." तुम्ही माझ्या होणाऱ्या सासूकडं, अव्वांकडं वळून म्हणालात, "हीच." तेवढ्यावर लग्न ठरलं. आपल्याला कोणी विचारलंसुद्धा नाही, हे महेश अजून बोलून दाखवतो.

त्या प्रश्नाचा अर्थ मला लातूरला आल्यावर कळला. दुकानाच्या माडीवर बाकीचे व्यापारी जास्तीचा माल रचून ठेवतात. तुम्ही तिथं एक भलंमोठं हिरवं टेबल ठेवलं होतं, हैदराबादच्या कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबातून आणलेलं. त्याची दगडी फरशी जिन्यावरून चढवताना दोन हमाल पळून गेले आणि तिसऱ्यानं तुमच्या सात पिढ्या उद्धारल्या, असं तुम्ही अभिमानानं सांगायचा. दुपारी बाजार जेवायला घरी गेला की तुम्ही वर जायचा. मी एकदा ताक द्यायला वर आले आणि अडकलेच. "काठी धर," म्हणालात. क्यूला तुम्ही कायम काठीच म्हणायचा. सून सासऱ्याबरोबर खेळते म्हणून गल्लीत कुजबूज झाली, तेव्हा अव्वांनीच लोकांची तोंडं बंद केली. "खेळू द्या की. तेवढंच ह्यांचं बोलणं थांबतंय, मला दुपारची झोप तर लागती."

माडीवर तुमचे दोनच नियम होते. एक, हरलेल्यानं पुढच्या डावाचे बॉल मांडायचे आणि जिंकलेल्यानं नुसतं बघायचं, हात लावायचा नाही. दोन, कोणी कोणाला सोपा बॉल द्यायचा नाही. पहिला नियम मला तोंडपाठ झाला, कारण कायम मीच मांडायचे. सुरुवातीला माझे रंगीत बॉल इकडचे तिकडं व्हायचे. तुम्ही काठीला खडू लावत शांतपणे बघत उभे असायचा. "आप्पा, सांगा तरी." "जिंकलेल्यानं हात लावायचा नसतंय. तोंड पण लावायचं नसतंय."

दुसऱ्या नियमामागं मोठी गोष्ट होती. तुमच्या तरुणपणी लातूरच्या खेळणाऱ्या मंडळींत एक रीत होती. बॉल पॉकेटच्या तोंडाशी येऊन थांबला की समोरचा हात वर करून म्हणायचा, "दिला!" आणि तो बॉल गेला असं धरून उचलून ठेवायचा. एवढा सोपा बॉल मारायला लावणं म्हणजे पाहुण्याला स्वतःचं ताट उचलायला लावण्यासारखं. सगळी व्यापारी माणसं, एकमेकांचं मन राखणारी. वर्षानुवर्षं सगळे एकमेकांना सोपे बॉल देत राहिले. मग तुम्ही नांदेडला स्पर्धेला गेलात. लांबचे, तिरके, कडेला चिकटलेले बॉल घालत फायनलला पोचलात आणि शेवटचा काळा बॉल पॉकेटच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. तुम्ही समोरच्याकडं बघितलंत. तो काही "दिला" म्हणेना. नांदेडचा माणूस, कशाला म्हणेल! आणि तेव्हा तुमच्या ध्यानात आलं, की असला बॉल आपण इतक्या वर्षांत कधी मारलेलाच नाही.

हुकलात. कसे हुकलात ते दर वेळी वेगळं असायचं. कधी टेबल उताराचं होतं, कधी मागं कोणी शिंकलं, कधी नांदेडचं पाणी बाधलं. मी म्हणायचे, "आमच्या गोदावरीला नावं ठेवू नका, आप्पा. लातूरला नळाला पाणी आलं की लोक फोन करून एकमेकांना सांगतात." तुम्ही म्हणायचा, "म्हणून तर आमचे हात कोरडे राहत्यात." पण एका दुपारी चेष्टा चालू असताना तुम्ही मध्येच खरं बोललात. "रेणू, लोक म्हणत्यात मी भ्यालो. भ्यालो न्हाई. लाज वाटली. एवढा सोपा हुकला तर लोक काय म्हणतील, ते मला मारायच्या आधीच ऐकू आलं."

माझंही तेच होतं. लांबचा, अर्धा झाकलेला बॉल मी बिनघोर मारायचे. हुकला तर कोण बोट दाखवणार? पण वीतभर अंतरावरचा सरळ बॉल आला की डोक्यात कुणीतरी बोलायला लागायचं. हुकणार. हुकला नाही तर ज्यानं मारायचं तो पांढराच त्याच्या मागोमाग आत जाणार, म्हणजे उलटे गुण. आप्पा हसणार. मग मी वाकल्या वाकल्या नेम बदलायचे, जोर बदलायचे, आणि बॉल पॉकेटच्या दोन्ही कडांना शिवून बाहेर यायचा. नेमकं तेव्हाच खाली दुकानात कोणीतरी स्टीलचं ताट पाडायचं. मी ताटाला दोष द्यायचे. तुम्ही म्हणायचा, "ताट हुकल्यावर पडलं."

क्लासमध्ये पोरांना सांगायचे तेच मी स्वतःला सांगत राहिले: नकारात्मक विचार मनात आणायचाच नाही. तुम्हाला याचं फार हसू यायचं. "आणायचा न्हाई म्हणलं की तोच पहिला येतंय. दुकानात नको असलेला माणूस आला तर मी काय करतो?" ते मला माहीत होतं. तुमचे एक लांबचे भाऊबंद होते, घ्यायचं काही नाही आणि तासभर भाव विचारत बसायचं. तुम्ही त्यांना कधी हाकललं नाहीत, त्यांच्याशी वादही घातला नाहीत. "या, बसा, चहा सांगतो," म्हणायचा आणि समोरच्या गिऱ्हाईकाला कळशी दाखवायला लागायचा. "तसंच करायचं. हुकणार म्हणायलाय का? या म्हणावं, बसा. मी एवढा बॉल मारून आले. त्याच्याशी भांडत बसलीस की गिऱ्हाईक निघून जातंय."

आणि दुसरं ते. "अवघड बॉलशी अरे-तुरे चालतंय. सोप्याला मात्र अहो म्हणायचं." म्हणजे काय, हे तुम्ही रोज करून दाखवायचात. काळा पॉकेटच्या अगदी तोंडाशी असला तरी टेबलाला पूर्ण फेरी मारायची. खडू लावायचा. मागं उभं राहून रेघ बघायची, काय करायचं ते उभं असतानाच ठरवायचं आणि मगच वाकायचं. वाकल्यावर काही बदलायचं नाही. बदलावंसं वाटलं तर उठायचं आणि पुन्हा फेरी. मी वैतागून ओरडायचे, "आप्पा, फुंकर मारली तरी जाईल तो!" तुम्ही वाकलेले तसेच म्हणायचात, "म्हणून तर. मोठा पाहुणा आला की समदेच उठून उभारत्यात. गरिबाला कोण उठतंय?"

गेल्या वर्षी क्लासमधली एक मुलगी चाचणीनंतर रडत बसली होती. अवघड सगळे बरोबर, सोपे चार चुकलेले. मी तिला तुमचं वाक्य सांगितलं. ती डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, प्रश्नाला अहो कसं म्हणायचं?" मी तिला पेन खाली ठेवायला लावलं, प्रश्न पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावला आणि मग पेन उचलायला लावलं. आता माझ्या वर्गात पोरं एकमेकांना चिडवतात, "अहो म्हणालास का?" हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही दुकानातल्या प्रत्येकाला बोलावून ते पुन्हा ऐकायला लावलंत. अव्वा म्हणाल्या, "आता हे क्लास काढत्यात बघ."

आपला एक वाद मात्र तसाच राहिला. मी म्हणायचे, सराव केला की तो विचार एक दिवस यायचा बंद होतो. तुम्ही म्हणायचा, तो येतोच. "तुम्हाला अजून येतो?" "रोज येतंय. आता तर नावानं हाक मारतंय, जुनी ओळख हाय." मला पटायचं नाही. तुमच्यासारख्याचा हात, तो कशाला घाबरेल? "मग एवढ्या वर्षांच्या खेळण्याचा उपयोग काय झाला?" मी विचारलं. तुम्ही ताकाचा पेला तोंडाला लावलात. "उपयोग? एकट्याला ताक प्यायला कंटाळा यायचा. तिघं झालो. तू, मी आणि तो." मी बॉल मांडायला लागले.

मग ती दुपार. शेवटचा काळा तेवढा उरला होता आणि गुण असे अडकले होते की काळा ज्याचा, डाव त्याचा. पाळी तुमची. बॉल सोपा. तुम्ही फेरी मारलीत, खडू लावलात, वाकलात आणि हुकलात. तुम्ही! काळा कोपऱ्यातल्या पॉकेटच्या तोंडाशी जाऊन थांबला आणि पांढरा त्याच्या सरळ रेषेत. मी म्हणाले, "आप्पा, मुद्दाम सोडलात."

"न्हाई गं. हात गेला."

"खोटं."

"आण घेऊ का?"

तुम्ही बाकावर बसलात. कपाळावर घाम होता, पण लातूरच्या उन्हाळ्यात घाम कुणाला येत नाही? मी काठी उचलली, फेरी मारायला निघाले, आणि तुम्ही हात वर केलात. हा हात वर गेलेला मी कधी पाहिला नव्हता. "दिला," म्हणालात. "घे. मी जरा खाली जातो."

मला राग आला. इतकी वर्षं ज्या एका डावाची वाट बघितली, तो असा विड्यासारखा हातावर ठेवायचा? "मी घेत नाही. नियम तुमचाच आहे. उद्या मारीन, तुमच्यासमोर." जिना उतरताना एकदा मागं वळून बघितलंत आणि खाली गेलात. मी बॉलना धक्का न लावता टेबलावर कापड पसरलं. त्याखाली दोन लहानसे उंचवटे दिसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा करून उठताना तुम्ही भिंतीला हात लावलात आणि तिथंच खाली बसलात. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तुम्हाला बसवून नेलं, बसवूनच मातीत ठेवलं, आपल्या रीतीप्रमाणं. कपाळभर भस्म, मान जराशी कललेली. मी बॉल मारत असताना बाकावर बसायचात, तसेच दिसत होता. बेलाचं पान वाहायला मी पुढं आले आणि हात उचलेना. पान वाहणं, याहून सोपं काय असतं? मी मागं सरले, बाजूनं चालत गेले, पुन्हा पुढं आले आणि मग वाहिलं. लोकांना वाटलं मला चक्कर आली. तुम्हाला कळलं असतं, मी फेरी मारत होते.

मी तुम्हाला कधी म्हटलं नाही ते आता म्हणते. माझं माहेर नांदेडला आहे, प्रेमळ आहे, भरलेलं आहे. पण तिथं मी कायम पहिली येणारी मुलगी होते, मला चुकायची सोय नव्हती. माझ्या चुकीला खदाखदा हसून पुन्हा काठी हातात देणारं माणूस मला लातूरला, सासरी मिळालं. त्या माडीवर मी जितकी सुखी होते तितकी दुसरीकडं कुठं नव्हते, आप्पा.

आणि म्हणूनच ते माझा जीव खात होतं. तुम्ही "दिला" का म्हणालात? दमला होता म्हणून? का मला एकदा जिंकलेलं बघायचं होतं म्हणून? आणि मी तोंडावर नाही म्हटलं ते तुम्हाला लागलं असेल का? लोक भेटायला येत होते, रडत होते, चहा घेत होते, आणि मी जिन्याकडं बघत होते. वर जाऊन तो काळा घालायचा धीर होईना. आणि काढून ठेवायला तर मुळीच मन होईना. तो काढला असता तर मी "दिला" मान्य केल्यासारखं झालं असतं.

तुमच्या शिवगणाराधनेच्या जेवणावळीच्या आदल्या दिवशी घर पाहुण्यांनी भरून गेलं. दुपारी तुमचे पुतणे, मल्लूभाऊजी, डोक्यावर बुंदीची परात घेऊन सरळ माडीवर चढले. मी मागोमाग धावले.

"वहिनी, टेबल मोकळं करायलो. एवढी सपाट जागा सबंध लातुरात न्हाई. धा पराती बसत्यात."

"भाऊजी, तिथं नको."

"दोनच तर बॉल हायेत खाली. उचलून ठेवू की." त्यांनी एका हातानं कापडाचं टोक धरलंसुद्धा. डोक्यावर गरम बुंदी असलेल्या माणसाला काय समजावणार?

"मल्लू, हात काढ. तिचा एक राहिलाय."

अव्वा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या, कठडा धरून, धापा टाकत. गुडघे गेल्यापासून त्या माडीवर आल्या नव्हत्या. मी म्हणाले, "अव्वा, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हंजे? ह्यांनी. त्या रात्री जेवताना एकटेच हसायले. म्हणलं, काय झालं? तर म्हणले, आज रेणूला काळा दिला. तिनं घेतला न्हाई. म्हणले, आता ह्या पोरीचं सोपं चुकत न्हाई बघ." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "लई खुश होते. अर्धी भाकरी जास्तीची खाल्ली."

मी तिथंच टेबलाला धरून रडायला लागले.

"रडायचं मागून," अव्वा म्हणाल्या. "आधी मार. पोराची मान मोडायली."

आवाज ऐकून महेशही वर आला. आम्ही चौघांनी कापडाची चार टोकं धरली, मल्लूभाऊजींनी एका हातानं, आणि सरळ वर उचललं. काळा जागेवर होता. पांढरा जागेवर होता. मी काठी घेतली आणि तो आलाच. हुकणार, म्हणाला. पांढरा आत जाणार. अव्वा गुडघे धरून वर आल्यात आणि त्यांच्यासमोर, आप्पांनी सोडलेल्या काळ्यावर तू हुकणार. वाद तुम्ही जिंकलात, आप्पा. तो येतोच. मी म्हणाले, या, बसा. बाकावर तुमची जागा रिकामी होती, तिथंच त्याला बसवलं.

फेरी मारली. खडू लावला. पांढऱ्याच्या पोटाखाली हलकं मारायचं, म्हणजे तो जागेवर थांबतो, असं उभ्यानंच ठरवलं. वाकले. जोर थोडा वाढवावासा वाटला. उठले. मल्लूभाऊजींनी मोठा सुस्कारा सोडला. पुन्हा फेरी मारली. तुम्ही सुतक मानत नव्हता म्हणून दुकान अर्धं उघडं होतं, आणि खाली कोणीतरी ताट पाडलं, या वेळी आधीच. मी काळ्याकडं बघितलं आणि खरोखर, ओठ हलवून, अहो म्हणाले. मग मारला.

काळा आत गेला. पांढरा जागेवर थांबला.

"गेला?" अव्वांनी विचारलं.

"गेला."

"म्हंजे हे हरले?"

"हरले, अव्वा."

"बरं झालं. एकदा तरी," म्हणत त्या हसल्या आणि हसता हसता टेबलावर रेलल्या. महेशनं त्यांना धरलं. मग त्यांनी विचारलं, "आता पुढं काय करायचं असतंय?"

मी सवयीनं बोलून गेले, "हरलेल्यानं पुढच्या डावाचे बॉल मांडायचे." बोलल्यावर मला कळलं मी काय बोलले. मल्लूभाऊजींनी परात हळूच उतरवून जिन्याच्या तोंडाशी ठेवली.

अव्वांनी पदर खोचला. पॉकेटच्या जाळीत हात घालून काळा बाहेर काढला, पुसला आणि म्हणाल्या, "हिकडं आणा बाकीचे. ह्यांच्या वाटचं मी मांडते." लाल बॉल त्यांनी त्रिकोणात एकेक करून बसवले, दुकानात वाट्या लावतात तसे. बाकीचे रंग त्यांना दिसतील तिथं ठेवले. काळा सगळ्यांत चुकीच्या जागी ठेवला, पार मधोमध, आणि माझ्याकडं बघितलं. महेशनं मला कोपरानं ढोसलं, सांग ना म्हणून.

मी जिंकले होते, आप्पा. जिंकलेल्यानं हात लावायचा नसतो. मी काठीला खडू लावत उभी राहिले.